तपासणाऱ्याचं नाव

त्या दुपारी सोलापुरात ऊन असं होतं, की माझ्या दुकानाच्या पत्र्यावरचा कावळा पाय भाजू नयेत म्हणून उडता उडताच झोप काढत होता. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारा. मी इलाहीबक्ष. जुने कॉम्प्युटर विकतो, शपथेवर काही सांगत नाही.

तर अशा उन्हात दोन हात एकदमच माझ्या भिंतीकडे गेले. तिथं खिळ्याला एक जुनं ग्राफिक्स कार्ड टांगलेलं होतं. कॉम्प्युटरमधलं चित्र पडद्यावर पाठवतं, ते. एका हातात हिरव्या बांगड्या, दुसऱ्यावर खडूची धूळ.

"मी आधी धरलंय," ती म्हणाली.

"मी आधी बघितलंय..." तो म्हणाला, पण हात त्यानंच आधी मागं घेतला.

"चाचा, चालतं ना हे?"

"चालतं? अगं बेटी, अवकाशयानाचा पहिला फोटो याच कार्डावर उमटला. शास्त्रज्ञ रडत रडत मला विकून गेला."

दोघांनीही विश्वास ठेवला. इथंच घोळ झाला.

ती सिद्धेश्वरी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चनमल्लप्पांचा टॉवेलचा कारखाना आहे, त्यांची भाची. टॉवेलवरची नक्षी ती कॉम्प्युटरवर काढते. तो प्रभुलिंग, पॉलिटेक्निकात शिकवतो.

"शनिवारपासून पडदा काळा आहे हो," ती मला सांगत होती, पण बघत होती त्याच्याकडं. "आज पाचला पुण्याचे व्यापारी येणार. माझं स्वतःचं पहिलं डिझाइन. दाखवता आलं नाही तर मामा बाहेरचा माणूस लावणार, आणि मी टॉवेलच्या घड्या घालत बसणार."

"शनिवारी... अपडेट केलं होतं? विंडोज नाही, लिनक्स आहे?"

"व्हय. तुम्हाला कसं कळलं?"

"मग तुमचं कार्ड मेलेलं नाही. ड्रायव्हर चुकतोय. म्हणजे कार्डाला पडद्याशी बोलायला लावणारा प्रोग्राम. कंपनीनं तो कधीच वाऱ्यावर सोडला. आता जगभरातली हौशी माणसं तो उघड्यावर लिहितात, कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. या कार्डापुरता तो—" प्रभुलिंग घुटमळला, "मी सांभाळतो."

"म्हणजे माझा पडदा तुम्ही काळा केलात?"

"मी नाही हो! दुसऱ्याच कुणाच्या बदलानं बिघडलं. मी दुरुस्ती लिहिलीय, पण माझं कार्ड जळालं, तपासणार कशावर? आणि आज सहाच्या आत 'तपासलं, चालतं' असं कुणी कळवलं नाही, तर लिनक्सवाले या कार्डाचा ड्रायव्हरच काढून टाकणार आहेत. सहा वर्षं झाली सांभाळतोय मी..."

 तिनं कार्ड माझ्या हातात दिलं.

"मग तपासा की. माझ्याकडं चला, माझंही हेच कार्ड आहे."

"आणि नाही चाललं तर?"

"काळ्याचं आणखी काय काळं होणार?"

जास्तीचं म्हणून भिंतीवरचं कार्ड घेऊन मीही निघालो. रिक्षात मधे बसलो. साडेतीन किलोमीटर दोघं माझ्या पोटावरून बोलत होती.

कारखान्यात मागांचा खडखडाट असा, की तिथली कुत्री भुंकत नाहीत, हातवारे करतात. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. प्रभुलिंगाला याची सवय नव्हती. ती कानाशी काही म्हणाली, की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडायचा.

चनमल्लप्पा "बर्री, कूड्री" असं कानडीत या-बसा म्हणाले आणि घड्याळ बघत उभे राहिले.

प्रभुलिंगानं आपला लॅपटॉप तिच्या कॉम्प्युटरला वायरीनं जोडला, दुरुस्ती आत घातली, मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा काळा. परत केलं... काळाच.

"चाचा, तुमचं कार्ड द्या."

 दिलं. बसवलं. काळं.

चार वाजून पाच मिनिटं. त्याचा चेहरा टॉवेलसारखा पांढरा पडला. "दोन कार्डं, दोन्हीवर तेच," तो ओरडूनच म्हणाला. "माझीच दुरुस्ती चूक आहे." आणि तो लिनक्सवाल्यांना पत्र लिहायला लागला... 'ड्रायव्हर काढून टाका, माझी हरकत नाही.'  तिनं स्वतःचा चहा त्याच्यापुढं सरकवला.  तिचे डोळे भरले होते.

आता मी काय करावं? ते कार्ड तीन वर्षांपूर्वीच मेलेलं. शोभेला टांगलेलं! खरं सांगावं तर बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. न सांगावं तर पोराची सहा वर्षं आणि पोरीचं डिझाइन माझ्या थापेखाली गाडलं जाणार.  शेवटी त्याच्या कानाशी जाऊन जीव तोडून ओरडलो—

"ते कार्ड मेलंय!"

नेमके त्याच क्षणी चनमल्लप्पांनी बाहेरच्या माणसाला फोन लावायला माग बंद करवले होते. अख्ख्या कारखान्यानं ऐकलं.

"आणि अवकाशयान?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"बार्शीच्या सायबर कॅफेतून आलं," मी मान खाली घालून म्हणालो.

ती हसली नाही.  "म्हणजे दुसऱ्या कार्डाचं काही धरायचं नाही. राहिलं माझं." एकदम तिनं मोबाइलचा उजेड मशीनमध्ये पाडला. "अगं बाई... सकाळी नंबर बघायला मीच कार्ड काढलं होतं. परत बसवताना... हितं बघा."

कार्ड बसतं त्या खाचेत कापूस ठासून भरलेला. मागांवरून उडतो, सगळीकडं बसतो. तिनंच तो आत दाबला होता.

रंगाचा कुंचला घेऊन तिनं खाच साफ केली. कार्ड दोघांनी मिळून बसवलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लागला. मशीन सुरू झालं. काळं... काळं... एक बारीक रेघ लुकलुकली, आणि तिच्या डिझाइनमधले, उजनीच्या पाण्यातले गुलाबी रोहित पक्षी पडद्यावर रांगेनं उभे राहिले.

"तुमची दुरुस्ती बरोबर होती," ती म्हणाली. "आमचा कापूस वाईट."

व्यापारी पाचला आले, रोहित पक्षी बघून मान डोलावली, नमुना पक्का करून गेले. सहाला वीस मिनिटं राहिली.

"दुरुस्तीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं," प्रभुलिंग म्हणाला, "आणि त्याच्याखाली तपासणाऱ्याचं. तशी पद्धत आहे. तपासलं तुम्ही. तर तुमचं नाव... घालू?"

"घाला की."

"पुसता येत नाही ते. कधीच. जिथं जिथं हे जाईल, तिथं माझ्या नावाखाली तुमचं राहणार. घरी विचारून मग..."

तिनं मामाकडं बघितलं. मामा छताकडं बघत होते.

"आणि एकदा तपासलं, की झालं?"

"नाही... दर दोन-अडीच महिन्यांनी नवी आवृत्ती येते. दर वेळी तपासावं लागतं."

"एवढ्या उशिरा येणार तुम्ही?"

त्याचे कान त्या पक्ष्यांहून गुलाबी झाले. "रोज आलो तर... चालेल?"

"पावणेसहा वाजून गेले," मी म्हणालो. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

तिनं लॅपटॉप ओढला, स्वतःचं पूर्ण नाव स्वतः लिहिलं आणि पाठवून दिलं.

सहा वाजले. उत्तर नाही. सहा वाजून चार मिनिटं. माग सुरू करायचं कुणाला सुचेना. मग टिंग झालं. कुठल्याशा दूरदेशीच्या माणसानं लिहिलं होतं, 'ड्रायव्हर राहील. दोघांचेही आभार.'

चनमल्लप्पांनी चष्मा लावून अर्थ विचारला. "दोघांचे?" ते म्हणाले. "ह्याला तिकडं बसून कसं कळलं?"

ते मेलेलं कार्ड मी परत खिळ्याला टांगलंय. गिऱ्हाईकांना सांगतो, या कार्डानं एक लग्न जमवलं. अवकाशयानावर सगळे विश्वास ठेवायचे. यावर एकही जण ठेवत नाही.