रुही एका जागी बसली

रुहीच्या पायाला भिंगरी लागलेली. सहा वर्षांची पोर, दोन घास खाल्ले की घरभर वर-खाली चकरा सुरू. अमेरिकेतल्या त्यांच्या श्रूजबरी गावच्या शाळेतून निरोप आला होता, मूल एका जागी बसत नाही, एकदा तपासून घ्या. तेव्हापासून तिच्या आईला, हिमानीला, एकच ध्यास, पोरगी जरा वेळ तरी बसली पाहिजे.

आणि तेवढ्यात ते पुस्तक हाती लागलं. वूस्टरमध्ये एका म्हाताऱ्या बाईच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात मिळालं. मुलांचं चित्रांचं पुस्तक, इंग्लंडात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी छापलेलं. हिमानीला असल्या पुस्तकांचं भारी वेड. घरी पोचेपर्यंत कुठला धीर धरवतोय, तिनं गाडीतूनच नवऱ्याला फोन लावला.

"निमिष, हातानं रंगवलंय यार. त्या काळी टेबलाभोवती पोरंच बसवायचे. एकानं फक्त निळा लावायचा, पान पुढे सरकवायचं, पुढच्यानं लाल, त्याच्या पुढच्यानं हिरवा."

"म्हणजे बालमजुरी विकत घेतलीस."

"तू गप रे."

शनिवारी सकाळी तिनं पानं स्कॅन केली, रंग पुसून नुसत्या काळ्या रेषांचे प्रिंट काढले आणि जेवणाच्या टेबलावर रुहीपुढे ठेवले. रंगांचा नवाकोरा डबा दिला. आणि काय सांगावं, रुही बसली. अर्धा तास झाला, तास झाला, तरी बसलेलीच. हिमानीला हसू की रडू असं झालं. तिनं दाराआडून चोरून व्हिडिओ काढला आणि मागच्या अंगणात गवत कापणाऱ्या निमिषला नेऊन दाखवला. प्रिंट संपत आले तशी धावत जाऊन आणखी काढून आणले.

रुही फक्त मुलींच्या टोप्या लाल करत होती. टोपी झाली की पान उजवीकडे सरकवायची.

दुपारी हिमानी पानं गोळा करायला आली आणि बघतच राहिली. टोप्या लाल, झगे निळे, गवत हिरवं, गाल गुलाबी. रेषेबाहेर एक थेंब नाही.

"अगं बाई, एवढं सगळं कधी केलंस?" तिनं रुहीचा पापा घेतला.

"मी रेड करते. ओन्ली रेड."

हिमानी कौतुकानं हसली. मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. लाल ट्यूब पिळून चपटी झाली होती. बाकीच्या ट्यूबांची सीलं फोडलेलीच नव्हती.

कोऱ्या प्रिंटचा गठ्ठा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. रुहीचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. रिकाम्या खुर्च्या थोड्या मागे ओढलेल्या होत्या, लहान मूल बसेल इतक्याच.

"चल राणी, जेवून घे."

"आय कान्ट."

"बरं, झोक्यावर जाऊ."

रुहीनं मान वर केली नाही. डावीकडून पान घेतलं, टोपी रंगवली, उजवीकडे सरकवलं.

हिमानी पुढे झाली. तिनं रुहीच्या काखेत हात घालून तिला उचललं. रोज कडेवर घेतलेली पोर, पण तसूभर हलेना. रुही रडत होती आणि तिचा हात चालूच होता.

"आई, हात दुखतोय."

"मग ऊठ ना बाळा."

"मी उठले तर रेड कोण करणार? ते विचारतायत."

"कोण विचारतंय?"

रुहीनं उजवीकडे मान वळवली. काहीतरी ऐकलं.

"आई, तू करशील? देन आय कॅन गो."

"करते," हिमानी लगेच म्हणाली. "तू जा."

रुही टुणकन खाली उतरली आणि बाबाला हाका मारत अंगणात पळाली. तिचं हसू आतपर्यंत ऐकू आलं. हिमानीला इतकं बरं वाटलं.

ती खुर्चीत बसली. ब्रश उचलला.

डावीकडून एक पान सरकत आलं. त्यावरचा निळा रंग अजून ओला होता.