छोट्या गाडीतलं मोठं इंजिन

निळी गाडी छेदन विभागात आणून ठेवली तेव्हा सुकुमार मगदूमने सर्वांत आधी तिचा मागचा डावा दरवाजा पाहिला. दरवाजा आत दबून सीटला टेकला होता. त्या सीटवर त्याची भाची सन्मती बसली होती. आता ती मांडीत सळई घालून दवाखान्यात पडली होती.

"बॉनेट उघडू?" रेहाना मुल्लाने विचारलं. सुकुमारने ज्या वर्षी कंपनीच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं, त्याच वर्षी तीही आली होती. पत्र्याचे छेद घेऊन आतली रचना वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"उघड. आत काय आहे ते तुला ठाऊक आहे."

"ऐकून ठाऊक आहे. बघितलेलं नाही." तिने बॉनेट वर केलं आणि क्षणभर तोंडावर हात ठेवला. "अरे, हे बसवलंस कसं? पायमोजात कलिंगड कोंबल्यासारखं दिसतंय."

सुकुमार हसला नाही.

इंजिन त्यानेच बसवलं होतं. त्याच्या बहिणीचा नवरा भरतेश वैभववाडीच्या बँकेत होता आणि रोज कोल्हापूरहून गाडीने जाऊन येऊन करायचा. गाडी कंपनीचीच, सर्वांत लहान, उसाच्या अल्कोहोलवर चालणारी, तीन सिलिंडरची. परतताना करूळ घाटात ती धापा टाकायची. "दादा, दुधाचे टँकर मला हॉर्न मारून पुढं जात्यात ओ," तो जेवताना म्हणायचा, "परवा एका टँकरच्या क्लीनरनं खिडकीतनं विचारलं, ढकलू का म्हणून."

"पाहुणं, गाडी माझ्याकडं सोडा," सुकुमार एकदा म्हणून गेला. म्हणून गेला आणि मग थांबला नाही. भंगारवाल्याकडून त्याने एका मोठ्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन आणलं. उद्यमनगरातल्या मित्राच्या गॅरेजात रविवारचे दिवस घालून पुढची आडवी पट्टी कापली, रेडिएटर पुढे सरकवला, ब्रेकही मोठ्या गाडीचे घातले. रबरी माउंटिंगला जागाच उरेना, तेव्हा लेथवर लोखंडी ठोकळे करून घेतले आणि इंजिन थेट त्यांवर आवळलं. गाडी घाटात उडायला लागली. फक्त थरथर फार. बहीण सुलोचना म्हणायची, "मागं ठेवलेला डबा आपोआप पुढं चालत येतोय. भूत बसवलंयस का काय?"

गाडीच्या सांगाड्यात कंपनीचा अस्थिपत्रा होता, आणि अस्थिपत्रा शोधणाऱ्या पथकाचा प्रमुख सुकुमार मगदूमच होता. असा पत्रा असलेल्या गाडीचं इंजिन बदलायचं नाही, ही सूचनाही त्याच्याच सहीने निघाली होती.

अस्थिपत्र्याची कल्पना हाडावरून घेतलेली होती. माणसाचं हाड जिथे ताण सोसतं तिथे जाड होतं आणि जिथे ताण नसतो तिथे झिजतं. अंतराळातून परतलेल्या माणसाची हाडं म्हणूनच ठिसूळ झालेली असतात. या पत्र्यातले धातूचे सूक्ष्म कण तसेच ताणाच्या दिशेने हळूहळू सरकत. एकूण वजन तेवढंच राही, फक्त माल हवा तिथे जाई. वर्षभरात प्रत्येक गाडी आपल्या मालकाच्या वापराप्रमाणे घडे. त्यामुळेच या गाड्या हलक्या, स्वस्त आणि कमी इंधन खाणाऱ्या होत्या. त्या आता घरोघरी होत्या.

अपघात साधा होता. भरतेश बायको-मुलीला घेऊन चालला होता. घाटात रस्ता अडला म्हणून त्याने गाडी उभी केली. मागून टेंपो येऊन डाव्या कोपऱ्यावर आदळला.

सुकुमारचा हिशेब त्याच रात्री डोक्यात मांडून झाला होता. मोठं इंजिन म्हणजे पुढे जास्त भार. जास्त भार म्हणजे पुढे जास्त माल. तो माल आला कुठून? मागून. मागचा पत्रा त्याच्या इंजिनाने खाल्ला होता.

दवाखान्यात सन्मतीने विचारलं होतं, "मामा, गाडी नीट होईल ना?" सुलोचना खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. एवढंच म्हणाली, "चढत नव्हती तर चढत नव्हती, दादा. तू कशाला हात घातलास?"

दुसऱ्या दिवशी त्याने संचालक देशिंगे यांच्यासमोर लेखी जबाब दिला. बेकायदा बदल मी केला, दोष इंजिनाचा, म्हणजे माझा. देशिंगेंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वाईट वाटतं, मगदूम. पण बरं केलंत. पत्र्यावर बालंट आलं असतं तर आपण सगळेच बुडालो असतो. नोकरी जाईल, तेवढी तयारी ठेवा." त्या क्षणी सुकुमारला हलकं वाटलं होतं. शिक्षा ठरली की माणसाला झोप लागते. त्यालाही लागली.

आता रेहाना करवत चालवत होती. मागच्या खांबाचा, दरवाजाच्या चौकटीचा, सीटखालच्या तळाचा असे तिने तुकडे काढले आणि मापनयंत्राखाली ठेवले.

"मूळच्या साठ टक्के उरलाय," ती म्हणाली.

"म्हणजे मी म्हणालो तेच. चाळीस टक्के इंजिनाने ओढून नेला."

"ओढून नेला हे तुला कसं कळलं?"

"दुसरं काय असणार?"

"तुझं शास्त्र तुला चांगलं येतं, सुकुमार, पण सध्या तू आरोपी झालायस आणि आरोपीला शास्त्र सुचत नाही." तिने हातमोजे बदलले. "तुलनेला काय आहे आपल्याकडं? हीच गाडी, एवढीच जुनी, पण इंजिन मूळचं. ती कापल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही."

तशी एक गाडी परतखरेदीत आलेली होती. तिचा मालक औषध कंपनीचा विक्रेता, गावोगाव एकटाच हिंडणारा. गाडीला कुठे पोचादेखील नव्हता. रेहानाने तिच्या मागच्या खांबाला करवत लावली आणि लगेच यंत्र बंद केलं.

"काय झालं?"

"आवाजच आला नाही." तिने तुकडा हातात घेतला, दोन बोटांत धरला आणि वाकवला. तो वाकला.

माप आलं पंधरा टक्के.

"यंत्र चुकतंय," सुकुमार म्हणाला.

"मग दुसऱ्यावर बघ."

त्याने दुसऱ्यावर पाहिलं. मग तिसऱ्यावर. तीच मापं. तो स्टुलावर बसला.

"या गाडीत मोठं इंजिन नाही," रेहाना हळू म्हणाली. "मग मागचा माल कोणी नेला?"

"कोणी नेला नाही. मागे कोणी बसतच नव्हतं. ताण नाही, म्हणून आपोआप झिजून पुढे सरकला." पुढचं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "भरतेशही रोज एकटाच जायचा. त्याचीही मागची सीट रिकामीच असायची. तिथेही पंधराच उरायला हवा होता."

"पण साठ उरला."

"थरथर," सुकुमार म्हणाला. "ते लोखंडी ठोकळे. इंजिनाची थरथर सगळ्या सांगाड्यातून मागेपर्यंत जायची. बारीक का होईना, ताणच तो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं टिकावीत म्हणून त्याला थरथरत्या फळीवर उभं करतात, तसं." त्याने निळ्या गाडीकडे पाहिलं. "मी इंजिन बदललं नसतं तर..."

रेहानाची नजर दबलेल्या मागच्या दरवाजावर गेली.

"सुटलास तू," ती म्हणाली. पण तिचा स्वर सुटका सांगणारा नव्हता. "मला एक सांग. आपण चाचणीत पाच वर्षांचा वापर करून पाहिला होता. मागचा पत्रा तिथे ऐंशीच्या खाली गेला नव्हता. म्हणून तर तू झिजण्याला खालची मर्यादा घातली नाहीस. मग तिथे का नाही झिजला?"

सुकुमारने डोळे मिटले. त्याला चाचणीचं दालन दिसलं. फिरत्या रुळांवर जागच्या जागी अखंड धावणारी गाडी, आणि आत पट्टे लावून बसवलेले चार पुतळे, माणसाच्या वजनाचे. दोन पुढे, दोन मागे. मागचे पुतळे काढायचे तर आधी सीट सोडवावी लागायची, तारा उपसाव्या लागायच्या, अर्धा दिवस जायचा. कोणीतरी विचारलं होतं, मधूनमधून उतरवायचे का? तो म्हणाला होता, राहू देत, भार जास्त म्हणजे चाचणी कडक.

"आपण पुतळ्यांना कधी उतरवलंच नाही," तो म्हणाला.

रेहानाने हातातला वाकलेला तुकडा टेबलावर ठेवला. "आणि लोक रोज एकटे हिंडतात. मग वर्षातनं दोनदा पोरंबाळं, म्हातारी माणसं मागं बसवून गावाला जातात."

सुकुमार उठला.

देशिंगे त्याला वाहनतळावरच भेटले. हातात किल्ली, चेहऱ्यावर घाई. "नंतर बोलू, मगदूम. नातवंडं पुण्याहून सुट्टीला आलीत, स्टँडवर उभी आहेत."

"माझा जबाब परत हवाय, साहेब."

"का? घाबरलात?"

"नाही. त्यात माझा गुन्हा फार लहान लिहिलाय."

देशिंगेंच्या कपाळाला आठी पडली. सुकुमारने चार वाक्यांत सगळं सांगितलं. देशिंगे ऐकत होते, पण मान नकारार्थी हलत होती. "एका गाडीवरून? मगदूम, तुम्ही कालपासून झोपलेले दिसत नाही. इंजिन तुम्हीच बदललंत, तुम्हीच कबूल केलंत. आता स्वतःला वाचवायला सगळा पत्रा वाईट ठरवणार? लोक हेच म्हणतील."

"म्हणू देत. तुमच्या गाडीत एरवी मागे कोण बसतं?"

"कोण बसणार? मी एकटाच येतो-जातो."

सुकुमार त्यांच्या गाडीच्या मागच्या बाजूला गेला. मागच्या खिडकीलगतच्या खांबावर, रंगाच्या चकचकीत थरावर, त्याने अंगठा टेकवला आणि दाबला. टक्‌ असा बारीक आवाज झाला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

देशिंगेंनी खळग्याकडे पाहिलं. मग स्वतःचा अंगठा त्याच्या शेजारी टेकवला, अगदी हलका. पुन्हा टक्‌ झालं. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

आत मागच्या सीटवर नातवंडांसाठी आणलेली दोन छोटी आसनं पट्टे लावून तयार होती.

पलीकडे घरच्यांना घेऊन सुट्टीवर निघालेले कर्मचारी डिकीत बॅगा कोंबत होते. कुणाची तरी आई मागच्या सीटवर चढताना गुडघा धरून हसत होती.

"मगदूम," देशिंगे शेवटी म्हणाले. "गेटवर सांगून मला एक रिक्षा बोलवा."

"बोलवतो, साहेब." सुकुमार हलला नाही. "पण आधी गेट बंद करायला सांगतो. बाकीच्यांना काय सांगायचं, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"