बागेत राहून गेलेला पाहुणा

शिवणवाल्या मावशी त्या दिवशी घरून निघाल्या त्या आभार मानायला. रविवारी मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना आपली बाग दाखवली होती. उंच भिंतीआडची, सहसा कुणाला न दाखवलेली. निवृत्तीनंतर बाईंनी माणसं तोडली आणि झाडं जोडली, असं लोक म्हणत. मावशींना मात्र त्यांनी रस्त्यावरून हाक मारून आत बोलावलं होतं. नवरा गेल्यापासून तीन वर्षांत असं आपणहून कुणी बोलावलं नव्हतं. म्हणून उरल्या कापडातून मोठ्या खिशांचा एक एप्रन शिवून मावशी निघाल्या, आणि वाटभर देवाला एकच विनवत राहिल्या... बाईंनी ‘पुन्हा या’ म्हणावं.

ऊन उतरलं होतं. बाईंनी फाटक अर्धंच उघडलं.

“आलात एकदाच्या! दोन दिवस वाट बघतेय.”

मावशी सुखावल्या. “आभार मानायला आले. हा एप्रन तुम्हाला, खिशात खुरपं राहील.”

“आभार राहू द्यात,” बाईंनी आवाज खाली आणला. “आधी तुमच्या माणसाला घेऊन जा.”

“माझ्या...?”

“रविवारी तुमच्या मागून आले ते. तुम्ही निघालात, ते उठलेच नाहीत. म्हटलं रुसले असतील. नवराबायकोच्या भांडणात मी कशाला पडू?”

मावशी रविवारी एकट्याच आल्या होत्या. पण तसं सांगायला जीभ उचलेना. तीन वर्षांचं रडणं ऐकून देवाने त्यांनाच परत पाठवलं असेल तर?

“उंच आहेत ना? जरा वाकलेले?”

“छे हो! बुटके. मान ताठ. आणि मावशी... दोन दिवसांत त्यांची पापणी लवलेली नाही.”

मावशींनी आत पाहिलं. झाडाखालचा बाक रिकामा होता. सगळीकडे पाचोळा पडलेला, बाकावर तेवढं एकही पान नव्हतं. पाखराचा आवाज नाही. कुजक्या मातीचा वास मात्र हळूहळू फाटकाकडे सरकत होता.

‘हे माझे नव्हेत’ म्हणून परत फिरता आलं असतं. पण परतायचं कुठे? एकाच ताटाकडे, एकाच उशीकडे.

“चला...” मावशी हलकेच म्हणाल्या. “घरी चला.”

बाकाची फळी करकरली. बाईंनी हुश्श केलं आणि मावशी वळताच फाटक लावून घेतलं. एप्रन मावशींच्या हातातच राहिला.

रस्त्यावर त्यांच्या चपलांमागे आणखी एक पाऊल वाजू लागलं. जड, चिखलातून ओढल्यासारखं. मावशींनी वळून पाहिलं नाही. त्या बोलत राहिल्या. गुडघ्यांबद्दल, अडकणाऱ्या मशीनबद्दल, कुणाच्या तरी उसवलेल्या बाहीबद्दल. ऐकायला कुणीतरी होतं.

घराशी येऊन त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि बाजूला सरकल्या.

“या, आत या.”

तेवढ्यात आतल्या अंधारातून, खिडकीजवळच्या खुर्चीवरून, कुणीतरी खाकरलं. दारात परका माणूस उभा राहिला की त्यांचा नवरा खाकरायचा, अगदी तसंच.

“अगंबाई...” मावशी खुर्चीच्या दिशेने वळल्या. “तुम्ही इथंच होतात?”

मागचं पाऊल त्यांना ओलांडून आत गेलं.

मावशी उंबऱ्यावर कान देऊन उभ्या राहिल्या. खाकरणं पुन्हा ऐकू आलं नाही.