‘जसं हाय तसं’चा चौथा भाग

“माझ्यावर आळ आलाय, आन् चार वाजायच्या आत तो उतरवायचाय,” मुलगी उभ्याउभ्याच म्हणाली.

परभणीच्या स्टेशन रोडला शिलाई मशीनच्या दुकानावर सगुणाबाईंचं ऑफिस होतं. टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिल्यावर त्यांनी ‘खाजगी चौकशी’ अशी पाटी लावली होती. वकिलाकडची कारकुनी सोडलेले रंगनाथ त्यांच्या मदतीला असत. रंगनाथ टिपणं फार सुबक काढत. त्यांतून अर्थ काढायचं काम मात्र त्यांनी कायम बाईंवर सोपवलेलं होतं.

१९९३ च्या डिसेंबरातला रविवार होता. मुलीचं नाव गौतमी खंदारे, अकरावीत शिकणारी, मानवतहून मिळेल त्या एसटीनं आलेली.

“बस आधी. आणि सुरुवातीपासून सांग,” सगुणाबाई म्हणाल्या.

टीव्हीवर ‘खरी घरं, खरी माणसं’ नावाचा कार्यक्रम लागायचा. कॅमेरा घराघरांत जाई आणि लोक कसे जगतात ते दाखवी. महिन्यापूर्वी मानवतात तो आला तेव्हा निवडलेल्या घराला रंग दिला गेला, शेजारचा फ्रीज उचलून आणला गेला आणि म्हशीला साबणानं आंघोळ घातली गेली. ते बघून गौतमीनं मित्रांना घेऊन त्याची टवाळी करणारी मालिकाच काढली. नाव ठेवलं ‘जसं हाय तसं’. ती लिहायची आणि खोटा चष्मा लावून निवेदन करायची. तिच्या वर्गातला भुजंग मामाच्या पेठेतल्या दुकानातला लग्नाचा कॅमेरा चालवायचा. गावच्या केबलवर तीन भाग झाले होते. चौथा आज चारला लागणार होता.

“सकाळी भुजंगनं कॅसेट लावली तर आत बातम्या. आमचा भाग पुसलेला. सगळे म्हणायलेत मीच पुसला.”

“का?”

“कारण त्यात आबासाहेब हायेत. ते आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. कालच त्यांनी माझ्या वसतिगृहाच्या अर्जावर सही केली. लोक म्हणतात, सहीसाठी विकली गेली. भुजंग पण तेच म्हणायलाय.” तिनं खिशातला अर्ज काढून दाखवला. “सही मी फाडून टाकीन. पण मी भेले न्हाई, हे लोकांना कळायला पायजे.”

रंगनाथांनी लिहिलं, ‘मुलगी तापट.’ सगुणाबाईंनी पर्स उचलली.

मानवतला आधी ते गौतमीच्या घरी गेले, बौद्धवस्तीत. तिची आजी कडूबाई आबासाहेबांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये झाडलोट करायची. टीव्हीवाले आले तेव्हा आबासाहेब आपल्या घरी तिच्याशेजारी बसून तिच्याबरोबर पाणी प्यायले होते. ‘आमच्या घरात भेदभाव नाही,’ असं ते कॅमेऱ्याला म्हणाले होते. त्याचीच टवाळी चौथ्या भागात होती.

कडूबाईनं स्टीलच्या गिलासातून पाणी दिलं. रंगनाथ क्षणभर थांबले, मग पाणी प्यायले. सगुणाबाईंनी ते पाहिलं. आपला गिलास रिकामा करून त्यांनी त्यावर कोरलेली अक्षरं वाचली: ‘धुरपताबाई यांजकडून. बोरी.’

“हा कुठला?”

“शूटिंगचा हाय,” कडूबाई म्हणाली. “टीव्हीवाले गेल्यावर कुनीतरी म्हनलं, आजी, ठेवा तुमाला. आबासाहेबाच्या घरचाच आसल. लय गर्दी होती, कोन म्हनलं ते काय ध्यानात न्हाई.”

केबलची खोली भर बाजारात होती. मालक बन्सीधर आबासाहेबांना आणि पोरांना, दोन्ही बाजूंना घाबरलेला माणूस. त्यानं कॅसेट लावून दाखवली. निवेदिकेनं शनिवारची तारीख सांगून नमस्कार केला आणि सातच्या मराठी बातम्या सुरू झाल्या. शेवटपर्यंत अखंड होत्या. अठरा मिनिटांचा भाग त्यांच्याखाली पुरता गाडला गेला होता.

“चुकून झालं असेल,” रंगनाथ म्हणाले.

“चुकून होऊच शकत न्हाई,” कोपऱ्यातून भुजंग म्हणाला. “वर कोणी रेकॉर्ड करू नये म्हणून कॅसेटचा दात मी मोडला होता. कोणीतरी त्या भोकावर चिकटपट्टी लावलीय.” त्यानं गौतमीकडे बघायचं टाळलं.

“ही कॅसेट काल कुठं होती, बन्सीधर?” सगुणाबाईंनी विचारलं.

“ह्याच कपाटात, बाई. दुपारी भुजंगनं ठेवली. साडेचारला गौतमी लेबल चिकटवून गेली. पाचला आबासाहेबांचा गडी दोन सिनेमे घेऊन गेला, दिनकरराव मास्तर एक घेऊन गेले. दोघांनी सकाळी परत केले. कपाट उघडंच असतंय, कोणी काय उचललं ते मी बघत न्हाई.”

“आणि तुम्ही संध्याकाळी काय करत होता?”

“शिव्या खात होतो! सहाला पेठेतली लाईट गेली ती साडेआठला आली. जनरेटर आठ दिवस झाले बंद हाय.”

सगुणाबाई भुजंगकडे वळल्या. “हा भाग आधी कोणी पाहिला होता?”

“फक्त दिनकरराव सरांनी. आमाला मराठी शिकवतात, तेच आमाला सांभाळून घेतात. टीव्हीवाल्यांच्या शूटिंगला पण मदत त्यांनीच केली. शुक्रवारी बघून लय हसले. शेवटी आमी इनाम ठेवलं होतं ना, टीव्हीवर असतंय तसं. गिलास मोठा करून दाखवायचा आन् इचारायचं, हा कुणाच्या घरचा? ओळखा आणि बक्षीस जिंका! ती जागा सरांनी परत लावायला सांगितली. एवढी आवडली.”

आबासाहेबांचं घर पेठेतच, चार दुकानं सोडून. ते झोपाळ्यावर बसून होते.

“मी पुसली? पुसायची गरजच काय?” ते म्हणाले. “चार वाजता केबलची वायर कापा म्हनलं तर बन्सीधर कापल. फिजूल उद्योग मी करत न्हाई.”

“कडूबाईंबरोबर पाणी प्यालात ते खरं ना?”

“प्यालो. टीव्हीवाल्यांनी सांगितलं म्हणून प्यालो. मी तांब्याच्या पेल्यातून. आमच्या आईला स्टील चालत न्हाई, घरात स्टीलचं एक भांडं सापडणार न्हाई तुमाला.”

बाहेर पडल्यावर रंगनाथ म्हणाले, “निर्लज्ज माणूस. हाच असणार.”

“निर्लज्ज आहे म्हणूनच विचारात पडले,” सगुणाबाई म्हणाल्या. “चोरून करायची त्याला सवयच नाही.”

दिनकरराव गावाबाहेर पाथरी रस्त्याच्या कॉलनीत राहत. ते घरी नव्हते. भिंतीवर त्यांचा नामांतराच्या मोर्चातला फोटो होता, कपाळाला पट्टी बांधलेला. कॉलेजचा व्हीसीआर सुटीपुरता त्यांच्याकडे होता आणि त्यावर क्रोशाचं झाकण होतं. बायको सुमनबाई मोकळ्या मनाची होती. तिनं पाणी आणलं.

“कॉलनीत लाईट फार जाते का हो?” सगुणाबाईंनी सहज विचारलं.

“न्हाई, आमची लाईन वेगळी हाय. काल तर बातम्यांच्या नादात माझी भाकर करपली.”

“गिलास छान आहेत.”

“आईनं दिलेत, बोरीहून. बारा होते. एक कुठं गेला कुणास ठाऊक, महिना झाला शोधायलेय. घर पालथं घातलं.”

सगुणाबाईंनी हातातला गिलास सावकाश खाली ठेवला. रंगनाथांनी वहीत लिहिलं, ‘बाईंना गिलास आवडले.’

साडेतीनला केबलच्या खोलीत सगळे जमले. सगुणाबाईंनी बोलावलं म्हणून दिनकरराव आले होते, आणि काय होतंय ते बघायला आबासाहेबही.

“कॅसेट पुसली ती काल संध्याकाळी सातला, कारण बातम्या तेव्हाच्या आहेत,” सगुणाबाईंनी सुरुवात केली. “सातला पेठेत अंधार होता. म्हणजे आबासाहेबांचं घर, भुजंगच्या मामाचं दुकान आणि ही खोली, तिन्ही बाद. गौतमीच्या घरी तर टीव्हीच नाही. कपाटाला हात लागलेला आणि सातला वीज व व्हीसीआर दोन्ही असलेला माणूस एकच उरतो.”

दिनकररावांनी चष्मा पुसायला घेतला.

“पण सर का पुसतील?” भुजंग म्हणाला. “सर तर आमच्या बाजूचे!”

“गिलासामुळे. आबासाहेबांच्या घरात स्टील नाही. तुम्ही बक्षीस लावून गावाला विचारणार होता, हा गिलास कुणाचा? जे मास्तरांच्या घरी पाणी प्यालेत, त्यांनी पुढच्या मिनिटाला ओळखला असता. बोरीच्या धुरपताबाई म्हणजे मास्तरांच्या सासूबाई. कडूबाईंसाठी आबासाहेबांच्या घरचं भांडं निघेना, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या घरचं आणलं. इथवर चांगलंच केलं. मग कडूबाई त्यातून प्यायल्या, आणि मास्तरांना तो घरी नेववेना. ‘आजी, ठेवा तुम्हाला.’ दान म्हणून दिला.”

“माझी बायको...” दिनकरराव पुटपुटले. “तिनं तो घरात घेतला नसता.”

“सुमनबाई महिनाभर तो गिलास शोधताहेत, मास्तर. त्यांना तुम्ही विचारलंच नाही.”

दिनकरराव खाली बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. “मी नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्यात, गौतमी. त्या खोट्या नाहीत.”

“न्हाईत, सर,” गौतमी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. “लाठ्या खऱ्या हायेत आन् गिलास पण खरा हाय. मी दोनी सांगणार. पण माझ्यावर आळ येताना तुमी आज गप बसला, ते मला लय लागलं.”

आबासाहेब हसले. “बघा. आमीच वाईट व्हतो ना?”

“तुम्ही टेप पुसली नाहीत, एवढंच,” सगुणाबाई म्हणाल्या. “बाकी सगळं तुमचंच आहे.”

आबासाहेबांचं हसू थांबलं. “बन्सीधर, चारला सिनेमा लाव. ह्यांच्याकडं दाखवायला काय राहिलंच न्हाई.”

भुजंग गौतमीसमोर येऊन उभा राहिला. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाला. मग त्यानं कॅमेरा उचलला आणि त्याची वायर थेट केबलच्या यंत्राला जोडायला घेतली. “कॅसेट कशाला लागती? सरळ दाखवू. जे बोललं ते गेलं घराघरांत. ते कोण पुसणार?”

“बन्सीधर!” आबासाहेब ओरडले.

बन्सीधरनं यंत्राकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी ठरवायचं होतं. “मालक, तुमची कॅसेट असती तर लावली असती,” तो म्हणाला. “पण चारची वेळ पोरांची हाय.” आणि त्यानं बटण दाबलं.

गौतमीनं निवेदन केलं, घडलं ते सगळं सांगितलं, दोन्ही नावं घेऊन सांगितलं. खिशातला वसतिगृहाचा अर्ज काढून तिनं कॅमेऱ्यासमोर फाडला. दिनकरराव दारात उभे राहून ऐकत होते. ते गेले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

मग तिनं आजीला पुढं बसवलं. “आजी, टीव्हीवाल्यांनी इचारलं होतं, पाणी पिऊन कसं वाटलं. काय सांगितलं होतंस?”

“बरं वाटलं म्हनले व्हते,” कडूबाईनं पदर सारखा केला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. “खोटं बोलले. त्या दिशी मला तहानच न्हवती.”

कडूबाईला अजून बरंच बोलायचं होतं, आणि ती पुढं अकरा मिनिटं बोलत राहिली.