वीतभर ताणा

भूमिकाचं जावळ काढलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पंगत उठायच्या आधीच तिच्या आजोबांनी, ईश्वरदासांनी, ताट बाजूला सारलं. "हात भरून आले गा," एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकले. तांडापेठेतल्या त्याच खोलीत त्यांनी जन्मभर हातमाग चालवला होता. शेवटचं लुगडं गेल्या हिवाळ्यात उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना धंतोलीच्या एका दवाखान्यात ठेवलं. हृदय थकलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. थकलेल्याला काय औषध द्यायचं, ते मात्र कुणी सांगेना.

त्यांचा मुलगा पियुष, भूमिकाचा बाप, हाही मागाचंच काम करी. फक्त त्याचा माग कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता. बुटीबोरीच्या एका गिरणीला नवे माग घ्यायचे होते. त्याआधी ते पडद्यावर चालवून बघायचे, धागा कुठे तुटतो ते हेरायचं. पडद्यावर चौकोनी ब्लॉक मांडलेले. एक मोटरचा, एक धागे ठोकून बसवणाऱ्या फणीचा, एक आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा. एकातून आकडा निघे आणि दुसऱ्यात शिरे. धाग्याच्या ताणाचा ब्लॉक मात्र तयार मिळत नव्हता. तो पियुषने स्वतः बांधला आणि त्याच्या पोटात सी भाषेतली बाहेरची लायब्ररी जोडली. लायब्ररी म्हणजे माग बनवणाऱ्यांनी पाठवलेली बंद फाइल. आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. हाक मारली की उत्तर देते, बस.

ती फाइल येईपर्यंत काम अडू नये म्हणून त्याने बाबांच्या मागाचा आवाज फोनवर घेतला होता आणि त्या ठोक्यांचे आकडे ब्लॉकमध्ये भरून काम चालवलं होतं. नवी जोडणी करताना जुनी पुसून कोऱ्यावर सुरुवात करावी, हा त्या कामातला नियम. पियुषने पुसलं नाही. जुन्याच्याच शेपटाला नवं बांधलं. ही कोष्ट्याच्या घरची खोड. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला तरी कोष्टी माग रिकामा करत नाही. फणीत वीतभर जुने धागे राहू देतो आणि राख लावलेल्या बोटांनी नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडतो. माग मोकळा पडला की घर बसतं, असं पियुषची आई रुख्माबाई सांगत आली होती.

चाचणी सुरू झाली. माग दिवसरात्र अखंड चालवायचा होता.

"काय बे, तुया माग तंबाखू मळते का?" शेजारच्या टेबलावरच्या सौरवने विचारलं.

ताणाची रेघ वरखाली होत पळत होती. काही ठोके झाले की क्षणभर आडवी पडे आणि पुन्हा पळू लागे. पियुष बघत राहिला. बाबा असेच थांबत. उजवा खांदा डाव्या हाताने दाबत आणि पुन्हा दोरी ओढत.

"लागते बे कधी कधी," सौरव हसला. "मालकाचा गुण मागाले लागते. तू नाही का, दर ओळीले चष्मा वर ढकलत!"

जुने आकडे कुठेतरी अडकले असतील, असं पियुषला वाटलं. त्याने शोधले. त्यांना कुठूनही हाक जात नव्हती. त्याने ती आकड्यांची फाइल काढूनच टाकली. रेघ तरीही थांबत होती. आणि फोनवरच्या आवाजात सगळे थांबे सारखे होते. पडद्यावरचे मात्र रोज लांबत चालले होते.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दवाखान्याच्या खिडकीतला कूलर ओल्या वाळ्याचा वास आणि गरम वारा आत फेकत होता. ईश्वरदासांचे डोळे मिटलेले होते. चादरीवर त्यांचे हात चालले होते. उजवा ओढी, डावा ढकली.

"झोपतच नाही गा," रुख्माबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणते, भास होते. मले तर पाहूनच थकवा आला."

ईश्वरदासांनी डोळे उघडले. "पियुष, माग काहून चालू ठेवला गा?"

"माग बंद आहे बाबा. घरी."

"घरचा नाही. तुया."

पियुषचा माग त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पियुषने चाचणी थांबवली आणि आईला फोन लावला.

"हात थांबले गा!" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "पण श्वास... श्वासही हळू होऊन राहिला. नर्सले बोलावू का?"

त्याने चाचणी पुन्हा सुरू केली.

"हां. चालले हात. आला श्वास."

पियुषने फोन ठेवला. पुन्हा करून बघायची त्याची छाती झाली नाही. त्या दिवसानंतर माग चालू होता आणि बाप जगत होता.

पण ईश्वरदासांची बोटं सुजली. जेवण सुटलं. हात काही थांबेनात.

"सोड ना गा आता," एका संध्याकाळी ते म्हणाले. "लय थकलो मी."

पियुषने चादर त्यांच्या पायांवर ओढली.

"बंद कर. आणि पूरा काप. वीतभरही ठेवू नको."

"रिकामा माग बरा नाही बाबा. तुम्हीच सांगता."

"हा नाही गा तसा माग. वीतभर राहिलं, त ह्याले पुढचा माणूस जुळते. पूरा काप."

दुसऱ्या दिवशी पियुषने चाचणी बंद केली. रेघ सपाट झाली. जुनी जोडणी पुसायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं.

त्याचं बोट कळीवर थांबलं.

बापाचं एवढंच उरलं होतं. मोकळा माग त्याला बघवेना.

त्याने पुसलं नाही.

आईचा फोन आला.

तेरवी करून तो कामावर परतला आणि तीच चाचणी त्याने पहिल्यापासून लावली. रेघ पळू लागली. खांदा दाबायचा तो थांबा गेला होता.

"सुधरला बे तुया माग," सौरव म्हणाला.

पियुषने चष्मा काढला, डोळे पुसले. चष्मा टेबलावर राहिला. हात मांडीवर होते.

रेघ थांबली. अगदी जरासं. चष्मा वर ढकलायला लागतो, तेवढंच.

आणि पुन्हा पळू लागली.

"काय झालं बे?" सौरवने विचारलं.

"काही नाही. हात भरून आले."

ईश्वरदास नवतप्याच्या शेवटच्या दुपारी वारले. पियुष त्याच वर्षी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी.