उजव्या भुवईवरचा ठिपका

वीज येईल तेव्हा येईल, बसा. अंक छपाईला गेलाय, आता घाई कुणाला? माझ्या ओळखीतल्या एकाची गोष्ट सांगतो. डोळ्यांच्या दवाखान्यात मदतनीस होता. नऊ वर्षांपूर्वी, सतरा मार्च, शुक्रवार. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी तो एक फाईल आणायला दवाखान्यात गेला. डॉक्टरांचा फोन आला होता, "सकाळी अकराला चौकशी आहे. ती फाईल आत्ता घरी आणून दे."

फाईल त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची. भावजी इमारतींना रंग द्यायचे. उन्हाधुळीने दोन्ही डोळ्यांवर मांस वाढलेलं. साधंच, जिवाला धोका नाही. उजवीकडचं बुबुळावर सरकलेलं, ते काढायचं होतं. डावीकडचं मुगाएवढं, त्याला हात लावायचा नव्हता. डोळा चुकू नये म्हणून भुवईवर जांभळ्या शाईचा ठिपका देतात. ते काम याचं.

"ठिपका नीट द्या, मेहुणे," भावजी म्हणाले होते, "नाहीतर तुमची बहीण मला घरात घ्यायची नाही."

ठिपका उजवीकडेच दिला. पण तोंडावर हिरवं कापड पडलं, त्याचं भोक आलं डाव्या डोळ्यावर, आणि डॉक्टरांनी उचलून बघितलंच नाही. चूक कळल्यावर एवढंच म्हणाले, "खूण बदल."

याने स्पिरिटचा बोळा फिरवला. उजवीकडचा ठिपका पुसला. डावीकडे नवा दिला.

भूल फक्त डोळ्यापुरती असते, पोरांनो. भावजी जागे होते.

डाव्या डोळ्यात पू झाला, डोळाच गेला. उजव्यावर पडदा होताच. दोन महिन्यांनी परांचीवरून पडले, जागीच गेले. अपघाती मृत्यू, चार ओळी, आपल्याच पेपरात. मीच दिल्या होत्या. अपघात म्हणे.

बहिणीने तक्रार केली होती, तिचीच ही चौकशी. तर ती रात्र. कपाट ऑपरेशनच्या खोलीत. त्याने टॉर्च लावला. फाईल सापडली.

मागून स्पिरिटचा वास आला.

टेबलावर हिरवं कापड होतं. कापडाखाली कुणीतरी... निजलेलं.

"मेहुणे..."

याने फाईल छातीशी धरली.

"पुसलंत ते... कळलं मला."

उजव्या भुवईवर काहीतरी गार टेकलं. ओलं.

मग...

पळाला. फाईल मात्र सोडली नाही. थेट डॉक्टरांच्या हातात नेऊन दिली.

हे सगळं त्यानेच मला सांगितलं, पुष्कळ नंतर. सांगायचं होतं तिथे नाही सांगितलं. सकाळी चौकशीत विचारलं, "खूण कुठे होती?" समोर बहीण बसलेली. तिच्याकडे न बघता म्हणाला, "डावीकडे."

मी तिथेच होतो, वही घेऊन. त्याच्या उजव्या भुवईवर जांभळा ठिपका होता. रात्रभर घासला असावा, भोवतीची कातडी सोललेली.

बहीण उठली. जवळ आली. "दादा, हे काय?"



तिने बोटाने पुसला. बोट जांभळं झालं. ठिपका तसाच.

परवा तो बाजारात दिसला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मी ती वर केली.

शाई अजून ओली होती.