मंगळवार-शुक्रवारचे प्रथिन

विज्ञान भावनांच्या पलीकडचे असते, असे तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. प्रयोगशाळेतला फ्रीझर बंद पडला त्या मंगळवारी ती त्याच वहीत तोंड खुपसून रडत होती.

“आत काय आहे एवढं?” फ्रीझरवाल्याने हत्यारांची पेटी खाली ठेवली.

“माझी तीन वर्षं.”

“मग जपून उघडतो.”

तीन वर्षे म्हणजे प्रथिने. निसर्गात कुठेही नसलेली, तिने संगणकावर आखलेली आणि जिवाणूंकडून बनवून घेतलेली. निळ्या उजेडात ती हिरवी चकाकत. चुंबकाच्या प्रभावाने चकाकी मंदावावी, एवढीच तिची अपेक्षा होती. पण तारेच्या दोन कॉइल, त्यांत वीज, मधोमध प्रथिनांची नळी – अकरा महिने एवढा थाट करूनही प्रथिने तिला भीक घालत नव्हती. प्रमुख बाईंनी बजावले होते, महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत परिणाम दाखव, नाहीतर प्रकल्प बंद.

फ्रीझरवाला सहज टेबलावर हात टेकून नळीकडे वाकला… आणि पडद्यावरची चकाकी मोजणारी रेघ खाली आली.

“काय केलंत तुम्ही?”

“काही नाही हो! नुसतं बघितलं.”

‘गॅसचा दाब पुन्हा तपासावा लागेल’ म्हणून तो शुक्रवारी आला. रेघ पुन्हा खाली. पुढच्या मंगळवारी, त्या शुक्रवारी – तेच. तिने वहीत नोंद केली: ‘तो आल्यावर चकाकी मंदावते.’ त्या वेळी स्वतःची नाडी वाढते, ही नोंद वेगळ्या पानावर.

“जरा इथे उभे राहा ना.”

“इथे?”

“अजून जवळ… हं. आता श्वास रोखा.”

“रोखलाच आहे, मॅडम… कधीचा.”

दारात बाई उभ्या होत्या. “काय चाललंय?”

“नियंत्रित प्रयोग, बाई.”

“नियंत्रण दिसत नाहीये कुठे. आणि हे बघ, प्रबंधात ‘फ्रीझरवाला’ हे एकक चालत नाही. तो नसताना दाखव.”

शेवटच्या शुक्रवारी ती सकाळपासून कॉइल चालू करून बसली होती. रेघ ढिम्म. तो आला, तिचा चेहरा पाहून पेटी न उघडताच उभा राहिला.

“एक विचारू? या वायरी अशाच जोडायच्या असतात?”

“का?”

“एकीत वीज उजवीकडून फिरतेय, दुसरीत डावीकडून. मधोमध दोघी एकमेकींना गप्प बसवत असणार.”

ती बघत राहिली. अकरा महिने तिने प्रथिनांना शून्य चुंबकत्व दाखवले होते आणि वर त्यांनाच ठोंब म्हटले होते.

“पण मग… तुम्ही आलात की कशी मंदावते?”

त्याने डावे मनगट पुढे केले. पट्ट्यावर सात-आठ स्क्रू चिकटलेले. “हरवू नयेत म्हणून आत लोहचुंबक आहेत.”

निरीक्षण हा तिचा पेशा होता. पण महिनाभर तिची नजर त्याच्या चेहऱ्याखाली उतरलीच नव्हती.

“म्हणजे तुम्ही नाहीच. तुमचा पट्टा.”

“वाईट वाटलं?”

“विज्ञानात वाईट वाटत नाही.”

“मला वाटलं,” तो म्हणाला.

तिने एक वायर उलटी जोडली. “तुम्ही दारापाशी जा. आणखी मागे!” तिने बटण दाबले. रेघ… सावकाश… खाली आली. तो दूर असताना, पहिल्यांदाच. ती धावत दारापर्यंत गेली आणि पट्ट्यासकट त्याचा हात तिने घट्ट धरला.

“आता माझी गरज नाही म्हणा,” तो हळूच म्हणाला.

“असं कसं? फ्रीझर आहे की.”

“तो… पहिल्याच मंगळवारी दुरुस्त झाला होता.”

“मग इतके दिवस आत डोकं घालून काय करत होता?”

“कुडकुडत होतो.”

तिला हसू आवरेना. “उद्या संध्याकाळी भेटू या. बाहेर. पट्टा घरी ठेवून या.”

“मग परिणाम होईल?”

“तेच तर बघायचंय.”

बाईंनी प्रकल्पाला वर्षभराची मुदतवाढ दिली. आणि एका फ्रीझरला आठ फेऱ्या लागल्याचे पाहून देखभालीचे काम दुसऱ्या कंपनीला दिले.